बायपोलरच्या जोडीला ओसीडी निघालं: आधी इलाज कशाचा?

शेवंती_सातारा
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. वय ३१, नोकरी पुण्यात, राहतो माझ्याकडेच. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मॅनिया (मूड बेफाम वर जाणं) झाला तेव्हा बायपोलरचं निदान झालं. मूड सांभाळणारी लिथियमची गोळी चालू आहे. मधे एकदा डिप्रेशनमध्ये गेला होता, त्यातूनही सावरला. नोकरी टिकवून आहे, ऑफिसात कामाचं नाव आहे.

आता वेगळंच सुरू झालंय. मूड ठीक असतानाही तपासणं थांबत नाही. गॅसचा नॉब, दाराची कडी, ऑफिसची मेल पाठवायच्या आधी परत परत वाचणं. रात्री गॅसपाशी उभा राहतो, नॉबवर बोट ठेवून "बंद, बंद, बंद" असं पुटपुटतो, जाऊन आडवा होतो आणि पाठ टेकते न टेकते तोच उठून परत स्वयंपाकघरात. हात एवढे धुतो की बोटांच्या पेरांना भेगा पडल्या आहेत, जेवताना तिखट झोंबतं.

नेहमीचे डॉक्टर रजेवर होते म्हणून दुसरीकडे दाखवलं. त्यांनी ओसीडी (नको ते विचार आणि त्यापायी परत परत तपासणं, धुणं) सांगून एक गोळी सुरू केली आणि भराभर डोस वाढवला. तपासणं कमी झालं, पण झोपही उडाली. तोंडाचा पट्टा सुरू, आणि एका रात्री दोन वाजता पगाराहून महाग सायकल मागवून मोकळा. नेहमीच्या डॉक्टरांनी आल्या आल्या ती गोळी उतरवली. आता मूड जाग्यावर आहे, पण कडी तपासणं पुन्हा सुरू.

घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, बायपोलर सांभाळा, बाकीचा स्वभाव समजा. भाऊ म्हणतो, मला बायपोलरपेक्षा या विचारांचा जास्त त्रास होतो. मला त्याचं पटतं. दोन्ही आजार खरे आहेत आणि दोन्हींवर उपचार व्हायला हवेत. फक्त आधी काय, नंतर काय, आणि आम्ही घरच्यांनी कसं वागायचं? असं दुहेरी दुखणं घरात असलेलं इथे कोणी आहे का?

जाईजुई
आहे. मुलीला बायपोलर आणि जोडीला भयंकर अँग्झायटी. सविस्तर रात्री लिहिते. तोवर एवढंच, तुमचा भाऊ बोलतो आहे हे फार मोठं आहे. आमच्याकडे बोलायलाच वर्ष गेलं.

कोल्हापुरी_ठसका
वाचतोय. माझ्या चुलतभावाचं बायपोलर अधिक दारू. त्यावर लिहीन.

मनमोकळा
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. पेशंट न बघता औषध सांगणार नाही, पण विचार कसा करतात ते सांगतो.

बायपोलर एकटं येणं हाच खरं तर अपवाद. बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी दुसरा एखादा मानसिक आजार जोडीला असतो. सगळ्यांत जास्त चिंतेचे विकार. मग व्यसनं, एडीएचडी (लहानपणापासूनची चंचलता, लक्ष न लागणं), ओसीडी.

ओसीडीत गोची अशी की नुसतं ओसीडी असेल तर आमचं पहिलं औषध म्हणजे एसएसआरआय गटातल्या गोळ्या, त्याही डिप्रेशनला देतो त्याहून मोठ्या डोसमध्ये. क्लोमिप्रामिन हे जुनं औषधही चांगलं काम करतं. पण ही सगळी मुळात अँटिडिप्रेसंट्स. बायपोलरच्या माणसाला ती मॅनियात ढकलू शकतात, आणि मूड स्टॅबिलायझरचं (लिथियमसारख्या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाचं) कवच पुरेसं नसेल तर धोका जास्त. तुमच्या भावाची झोप उडाली, बोलणं वाढलं, खर्च सुटला, हे त्याच वाटेने गेलेलं दिसतं.

म्हणून क्रम साधारण असा लागतो. मूड आधी पक्का बसवायचा. लिथियमची रक्तातली पातळी पुरेशी आहे का ते बघायचं, लागलं तर दुसऱ्या औषधाची जोड द्यायची. बऱ्याच जणांचं ओसीडी मूडच्या मागे मागे चालतं, डिप्रेशनमध्ये चिघळतं आणि मूड वर गेला की विरतं. अशांना मूड सावरल्यावरच निम्मा आराम पडतो. उरलेल्या ओसीडीला गोळीविना असलेला मोठा इलाज म्हणजे ईआरपी. म्हणजे भीती वाटते त्या गोष्टीला हळूहळू सामोरं जायचं आणि तपासायची, धुवायची क्रिया मात्र करायची नाही. याने मॅनिया होत नाही. त्यातूनही भागलं नाही तर एसएसआरआय वापरतात, पण मूड स्टॅबिलायझरच्या आधाराने, अगदी हळू आणि घरच्यांना काय बघायचं ते सांगून.

आणखी एक बघून घ्या. काही अँटिसायकॉटिक औषधांनीच ओसीडीची लक्षणं येतात किंवा वाढतात, क्लोझापिनबाबत हे चांगलं माहीत आहे. त्यामुळे तपासणं कधी वाढलं आणि त्याच सुमाराला कुठली गोळी सुरू झाली होती, याची सांगड घाला.

शेवंती_सातारा
मनमोकळा, मनापासून आभार. हे इतक्या सोप्या शब्दांत कोणी सांगितलं नव्हतं. ईआरपी करणारे लोक पुण्यात कसे शोधायचे?

मनमोकळा
क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना फोनवर सरळ विचारा, "ओसीडीसाठी ईआरपी करता का, आणि बायपोलरचे पेशंट घेता का?" नुसतं "समुपदेशन करतो" हे उत्तर या कामाला पुरत नाही. आणि तुमच्या डॉक्टरांना त्या व्यक्तीशी एकदा बोलायला सांगा.

वसंतराव_न
माझं मत वेगळं आहे, राग नसावा. वय ७४. आमच्या वेळी घरोघर एखादी काकू सोवळ्याची असे, दहा वेळा हात धुई. कोणी तिला आजारी म्हटलं नाही. आता प्रत्येक सवयीला नाव आणि प्रत्येक नावाला गोळी. मुलाला पहाटे उठवा, सूर्यनमस्कार घालू द्या, मन कामात गुंतवा. एका आजारावर दुसऱ्याचं लेबल लावून तो पोरगा आणखी खचेल.

रानवारा
काका, आदर ठेवून सांगतो, माझी आजी तशीच होती. रात्री उठून न्हाणीघरात जायची, थंडीतसुद्धा. तिला कोणी आजारी म्हटलं नाही हे खरं, पण तिला त्यातून कोणी सोडवलंही नाही. हात सोललेले असायचे आणि सुना मागून हसायच्या. नाव मिळालं असतं तर इलाज मिळाला असता.

जाईजुई
रानवारा, अगदी. आणि वसंतराव, पहाटे उठवण्याबद्दल एक सांगू का? बायपोलरमध्ये झोप मोडणं हे स्वतःच मॅनियाचं निमित्त होऊ शकतं. व्यायाम हवाच, पण झोप पुरी करून. आमच्या डॉक्टरांनी मुलीची उठण्या-झोपण्याची वेळ ठरवून दिली आहे आणि लग्नसराईतही आम्ही ती मोडत नाही. हळद, वरात, सगळीकडून दहाला घरी. नातेवाईक नाकं मुरडतात, मुरडू देत.

आता आमची गोष्ट. मुलीचं निदान झालं तेव्हा सगळं लक्ष मॅनियावर. तो आटोक्यात आला आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण पोरगी घराबाहेर पडेना. लोकलमध्ये छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, आता मरते की काय असं वाटायचं. ईसीजी काढले, सगळं नॉर्मल. आम्हाला वाटायचं, मूड बरा आहे ना, मग ही कामचुकारपणा करते. ती पॅनिक डिसऑर्डर होती. एका फॅमिली डॉक्टरांनी क्लोनाझेपाम दिली, तिने तात्काळ बरं वाटायचं, म्हणून ती वर्षानुवर्षं चालू राहिली. सवय लागल्यामुळे पुढे ती सोडवणं हेच एक वेगळं काम होऊन बसलं. तिच्या मानसोपचारतज्ज्ञांनी डोस चिमटीचिमटीने उतरवला, अर्ध्याची पाव करत. ज्यांच्या घरी ही गोळी रोज चालू आहे त्यांनी कृपया एकदम बंद करू नका, त्यात फिट यायचाही धोका असतो. पण डॉक्टरांना "ही अजून किती दिवस?" हे जरूर विचारा.

आज ती दादरला नोकरीला जाते. लोकलनेच. सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचा, फार उपयोग झाला.

वसंतराव_न
झोपेचा मुद्दा मला माहीत नव्हता. मान्य.

कोल्हापुरी_ठसका
आमच्या भावाचं सांगतो. घरात सगळ्यांचं एकच पालुपद, दारू सोडली की पोरगं सरळ होईल. तो मॅनियात असला की पार्टी, दहा लोकांचं बिल हाच देणार. डिप्रेशनमध्ये गेला की एकटा, दार लावून. म्हणजे दोन्ही टोकांना बाटली. व्यसनमुक्तीला ठेवला, दारू सुटली, आम्ही पेढे वाटले आणि महिन्याभरात गडी अंथरुणातून उठेना. तेव्हा कळलं की दारूखाली दुसरं काहीतरी दडलंय. मग मानसोपचारतज्ज्ञ, मग बायपोलरचं निदान.

उलटंही बघितलंय. त्याच्या ओळखीतल्या एकाचं बायपोलरचं औषध चोख चालू होतं, पण पिणं कोणी विचारलंच नाही. तो परत परत ॲडमिट.

म्हणून एकच म्हणणं आहे, दोन्हीचा इलाज एकाच वेळी पाहिजे. "आधी दारू सोड, मग डोक्याचं बघू" हे चालत नाही. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथे घरच्या लोकांनाही धरून काम करतात. ॲडमिट करताना व्यसनमुक्ती कुठलीही असो, बायपोलरच्या गोळ्यांची चिठ्ठी हातात द्या आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञ येतात का ते विचारा.

निळासावळा
मला एडीएचडी आणि बायपोलर टाईप २, दोन्ही आहे. वय ३८. इंटरनेटवर रील बघून "मला एडीएचडी आहे" म्हणणाऱ्यांत मला टाकू नका एवढीच विनंती.

फरक माझ्या डॉक्टरांनी असा काढला. त्यांनी आईला बोलावून दुसरी-तिसरीतलं विचारलं. वह्या हरवणं, वर्गात उठून फिरणं, प्रगतिपुस्तकावर "हुशार पण लक्ष नाही" हा शेरा दरवर्षी. एडीएचडी लहानपणापासून असतो आणि रोज असतो. हायपोमॅनिया (मॅनियाचं सौम्य रूप) येतो आणि जातो, त्यात झोप कमी होऊनही थकवा येत नाही. माझ्याकडे दोन्ही चित्रं स्वतंत्र दिसली. नुसत्या आजच्या चंचलपणावर निदान करून भागलं नसतं.

शंका_आहे
एडीएचडीच्या गोळीने मॅनिया होत नाही का? ती तर उत्तेजक ना?

मनमोकळा
रास्त शंका. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचं उत्तेजक औषध मूड स्टॅबिलायझरशिवाय दिलं तर मॅनियाचा धोका वाढतो. स्टॅबिलायझर चालू असताना तसा धोका वाढलेला दिसला नाही, असं २०१७ साली स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळलं. म्हणजे इथेही क्रम तोच, आधी पाया.

नागपूरचा_उन्हाळा
थोडं अवांतर, पण लिथियमवाल्यांच्या कामाचं. माझी मावशी बरीच वर्षं लिथियमवर आहे. एका मे महिन्यात हात थरथरायला लागले, जुलाब, चालताना तोल जाई. सगळे म्हणे ऊन लागलं. तपासलं तर लिथियम वर चढलेलं. कारणं दोन. घाम जाऊन पाणी-मीठ कमी झालं होतं आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक आणून घेत होती. त्या गोळीने लिथियम शरीराबाहेर जायचं कमी होतं. ब्रुफेनचंही तेच. बीपीच्याही काही गोळ्यांनी असं होतं. आता तिच्या पर्समध्ये एक कार्ड असतं, "मी लिथियम घेते", कुठल्याही डॉक्टरांकडे गेली की आधी ते टेबलावर.

जाईजुई
आणि निर्जळी उपास नको! चातुर्मासात आमच्याकडे हा वाद ठरलेला.

नागपूरचा_उन्हाळा
हो, मावशीची निर्जळी एकादशी डॉक्टरांनीच बंद केली. म्हणाले, विठोबाला पाणी प्यायलेली चालते.

सुगरण_मी
😀 आमच्या सासूबाईंना आठवड्याच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आणून दिली. दोन दिवसांनी बघते तर सोमवारात लवंग, मंगळवारात वेलची. मिसळणाचा डबा झाला होता. आता मोठी डबी आणलीये, त्यांनीच रंगीत पेनाने "औषध" लिहिलंय.

मनमोकळा
मावशींची गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी. तपासणीबद्दल जोडतो. रक्त रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी द्यायचं आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. पातळी सहसा ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, काहींना त्याआधीही. सोबत टीएसएच (थायरॉईडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि कॅल्शियम ठरावीक काळाने. थायरॉईड मंदावला की माणूस सुस्त, उदास दिसतो आणि सगळे समजतात डिप्रेशन परत आलं. म्हणून नवं लक्षण दिसलं की लगेच तिसऱ्या आजाराचं नाव घेण्याआधी रक्त तपासा.

परदेशी_पाखरू
मी लीड्समध्ये असते. इथे रांग लांब, पण एक पद्धत आवडली. स्थिर असताना पेशंटसोबत बसून लिहून ठेवतात की माझी सुरुवातीची लक्षणं कोणती, तेव्हा कोणाला फोन करायचा, मला काय नको. भारतात असं काही आहे का?

कायद्याचं_बोला
आहे, आणि कायद्यात आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो २०१८ पासून लागू आहे. माणूस ठीक असताना लिहून ठेवू शकतो की आजारात माझ्यावर कुठला उपचार करावा, कुठला नको. स्वतःच्या वतीने बोलायला प्रतिनिधीही नेमता येतो. शेवंती, भावाने तुम्हाला नेमलं तर ॲडमिट करायच्या वेळी धावपळ पुष्कळ वाचेल. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं हेही त्याच कायद्यात आहे. आणि २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, प्रमाणपत्र मिळू शकतं. ते घ्यायचं की नाही हे त्या माणसाने ठरवावं.

अबोली_७
मी लिहावं की नाही विचार करत होते. मला बायपोलर आहे, आणि लहानपणी घडलेल्या एका गोष्टीमुळे पीटीएसडी, म्हणजे जुन्या आघाताचा न सुटलेला त्रास. कितीतरी वर्षं प्रत्येक डॉक्टर विचारायचे, झोप कशी आहे, खर्च किती केला. रात्री दचकून उठते याला सगळे मूडच समजायचे. एका डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, "स्वप्नात काय दिसतं?" तिथून माझा खरा इलाज सुरू झाला.

दोन आजार असले की जीव नकोसा होण्याचे दिवस जास्त येतात. हे इथे स्पष्ट लिहितेय कारण घरच्यांना वाटतं, गोळ्या चालू आहेत म्हणजे सुरक्षित आहे. विचारा. सरळ शब्दांत विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मला तर सांगता आल्यावर हलकं वाटलं होतं. रात्रीबेरात्री कोणी नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी लावलाय.

जाईजुई
अबोली, लिहिलंस ते फार बरं केलंस. जवळ असतीस तर पोटाशी धरलं असतं.

वसंतराव_न
अबोली, बेटा, वाचून डोळे भरले. आमच्या पिढीला विचारायचं कसं हेच कोणी शिकवलं नाही. जपून राहा.

स्थळ_बघणारी
विषय निघालाच आहे तर, अशा मुलामुलींच्या लग्नाचं काय करता? लपवतात पुष्कळ लोक.

जाईजुई
आम्ही सांगतो. दुसऱ्या भेटीत मुलगी स्वतः सांगते. दोन स्थळं गेली, जाऊ देत. लपवलं की गोळ्याही लपवाव्या लागतात आणि मग चुकतात. आणि लग्नाच्या, मुलं होण्याच्या वयातल्या बायकांनी डॉक्टरांशी व्हॅल्प्रोएट या मूड स्टॅबिलायझरबद्दल बोलाच. गरोदरपणी त्याचा बाळाच्या मेंदू-मणक्यावर गंभीर परिणाम होऊ शकतो. आमच्या मुलीचं औषध त्याच कारणाने आधीच बदललं.

मनमोकळा
अनुमोदन. मात्र दिवस राहिल्याचं कळताच घाबरून सगळ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

रानवारा
धागा लिथियम, विठोबा, लग्न फिरून आला. शेवंतीताई, मूळ प्रश्नातलं "घरच्यांनी कसं वागायचं" राहिलं. भाऊ विचारतो का हो तुम्हाला, "कडी लावली ना?" म्हणून?

शेवंती_सातारा
विचारतो! रोज. मी म्हणते "लावली रे". आई तर त्याच्यासोबत उठून दाखवते. त्याने तो शांत होतो, पण मग लगेच परत विचारतो. हे चूक आहे का?

रानवारा
माझ्या बायकोला ओसीडी आहे, बायपोलर नाही. तिच्या थेरपिस्टने पहिलं काम मलाच दिलं. दर वेळी खात्री दिली की तेवढ्यापुरती सुटका होते आणि ओसीडीला खतपाणी मिळतं. पण एका रात्रीत बंद करायचं नाही. ती आणि मी मिळून ठरवलं, मी एकदा उत्तर देणार. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, "हा प्रश्न ओसीडीचा आहे, त्याचं उत्तर मी देणार नाही, पण मी इथे बसलोय." पहिल्या आठवड्यात ती चिडली, रडली. मी खरंच तिथे बसून राहिलो. हळूहळू प्रश्न कमी झाले.

मनमोकळा
रानवारांनी अचूक सांगितलं. शेवंती, तुमच्या बाबतीत एकच भर. हे भावाचा मूड स्थिर असतानाच आणि त्याच्या संमतीने सुरू करा. मॅनियाच्या उंबरठ्यावर किंवा खोल डिप्रेशनमध्ये हा व्यायाम नको. आणि एका वहीत रोज दोनच गोष्टी टिपा, किती तास झोपला आणि तपासण्यात साधारण किती वेळ गेला. झोप घटत असताना तपासणंही कमी होत असेल तर "ओसीडी बरं झालं" म्हणून निर्धास्त होऊ नका, त्या दिवशीच डॉक्टरांना फोन करा. मागच्या वेळी नेमकं हेच झालं होतं.

शेवंती_सातारा
हे भावाला वाचून दाखवलं. अख्खा धागा, अबोलींच्या प्रतिसादासकट. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आईलाही वाचून दाखव." दाखवलं. आई म्हणाली, स्वभाव म्हणणार नाही आता, पण पोरगं समोर तळमळत असताना गप्प बसणं मला जमेल का? मी म्हटलं, तुझ्या वाटणीचं मी करीन, तू फक्त उठून दाखवायला जाऊ नकोस.

ईआरपी करणाऱ्या एक सायकॉलॉजिस्ट मिळाल्या, बायपोलरचे पेशंट घेतात, आमच्या डॉक्टरांशी बोलायलाही तयार आहेत. शनिवारी दुपारची वेळ आहे. वही कालपासून सुरू केली, झोपेचा रकाना तोच भरतो.

निळासावळा
झोप तो भरतोय हे उत्तम. मी उलट केलं होतं, सगळं बायकोकडे, आणि मला ती पहारेकरीण वाटायला लागली होती.

नागपूरचा_उन्हाळा
शनिवारी दुपारची वेळ आहे तर सकाळीच लिथियमचं रक्त देऊन टाका, म्हणजे पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे रिपोर्ट घेऊनच जाल. आधी रक्त, मग सकाळची गोळी.